बंब पेटलेला हवा

माझी मावशी नर्स होती. तिची सगळी नोकरी तालुक्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात गेली आणि राहणं दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायचे. तिथलं सगळ्यांत लख्ख आठवतं ते तिचं झोपण्याआधीचं शेवटचं काम. भांडी पालथी घातली की ती तांब्याच्या बंबात गळ्यापर्यंत पाणी भरायची, जाळीवरची राख खाली पाडायची, मधल्या नळकांड्यात ढलप्या आणि गोवरीचे तुकडे रचायची, वर रॉकेलचा बोळा. काडेपेटी कोनाड्यात, अंधारात हात घातला की सापडेल अशी. बंब पेटवायची मात्र नाही. नुसता तयार ठेवायचा. रात्री कुणी अडलेली बाई बैलगाडीतून आली तर आधी गरम पाणी लागणार, आणि शिपाई तर गावात घरी झोपायला गेलेला.

मी एकदा विचारलं होतं, "रोज कशाला गं? रोज थोडंच कुणी येतं?"

"ज्या दिवशी रचणार नाही, त्या दिवशी येतं," ती म्हणाली.

ही गोष्ट मी पार विसरून गेले होते. आठवली ती थेट कॅनडात, एका गोठलेल्या नदीच्या काठावर.

लेकीच्या बाळंतपणाला मी विनिपेगला गेले होते. फेब्रुवारी महिना. डिंकाचे लाडू, अहळीव, बाळंतशोपा असं सगळं सामान विमानतळावरच्या साहेबाला उलगडून दाखवून आत आले, तर बाहेर वाऱ्यासकट उणे चाळीस. उणे चाळीसला सेल्सियस आणि फॅरनहाइट एक होतात हे शाळेत पाठ केलं होतं, त्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला. बाळंतपण हॉस्पिटलात नीट झालं. तिथल्या नर्सला मी सवयीने "सिस्टर, जरा पाणी" म्हणाले. ती गोड हसली आणि लेकीला हळूच म्हणाली की मला इथे कुणी सिस्टर म्हणत नाही, मी काही नन नाही. मग तिने आपलं पहिलं नाव सांगितलं. मला काही ते घेववेना. आपल्याकडे नर्सला सिस्टर म्हणायचं इतकं अंगवळणी पडलंय की पुरुष नर्स आले तेव्हा आपण त्यांना बिनदिक्कत "ब्रदर" करून टाकलं. हे "सिस्टर" आलं कुठून, याचा विचार मी कधी केला नव्हता.

सव्वा महिना लेक घराबाहेर पडली नाही, म्हणून मीही पडले नाही. एप्रिलच्या तोंडावर जावयाने मला नदीपलीकडे सेंट बोनिफेसला नेलं. रेड नदी अजून पांढरी होती. ताशे अव्हेन्यूवर, आजच्या मोठ्या सेंट बोनिफेस हॉस्पिटलपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, एक लांब, दुमजली, पांढरी इमारत उभी आहे. बाहेरून साधीच. पण तिची हाडं ओक झाडाच्या सबंध ओंडक्यांची आहेत. 1845 ते 1851 या काळात बांधलेली ही विनिपेगमधली सगळ्यांत जुनी इमारत. आता तिथे संग्रहालय आहे. बांधली होती ग्रे नन्ससाठी. त्या अफाट गवताळ मुलखातल्या, म्हणजे प्रेअरीवरच्या, नर्सिंगचा जो इतिहास सांगितला जातो तो इथून सुरू होतो.

या ग्रे नन्सच्या नावाचीही गंमत आहे. त्यांचा संघ मॉन्ट्रियलमध्ये 1737 साली मार्गरीत द्यूव्हील या विधवेने सुरू केला. तिचा नवरा बेकायदा दारू विकायचा. ही बाई गोरगरीब आजाऱ्यांना घरात आणून ठेवायला लागली तेव्हा गावाने टोमणा मारला: "ले सर ग्रीझ". फ्रेंचमध्ये "ग्री" म्हणजे करडा, आणि बोलीत झिंगलेलासुद्धा. म्हणजे "दारुड्या बहिणी". पुढे त्यांनी खरोखर करडा झगा शिवला आणि शिवीच अंगावर घालून फिरल्या. मला हे फार आवडलं. आपल्याकडे शेणगोळे झेलत शाळेत गेलेल्या सावित्रीबाई आठवल्या. त्या बरोबर दुसरं लुगडं न्यायच्या.

1844 च्या 24 एप्रिलला चार नन्स मॉन्ट्रियलजवळच्या लाशीन गावाहून निघाल्या. सिस्टर व्हालाद, सिस्टर लाग्राव्ह, सिस्टर कुतले, सिस्टर लाफ्रांस. वाहन होतं डोंगी. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचे नावाडी, मालाच्या गाठोड्यांत या चौघी, आणि जिथे नदी खळाळते किंवा संपते तिथे डोंगी डोक्यावर, सामान पाठीवर घेऊन जंगलातून चालायचं. अशा एका ठिकाणी सिस्टर लाग्राव्ह पाय घसरून पडल्या आणि पाय जायबंदी झाला. तिथून पुढे माणसांनी त्यांना उचलून नेलं. 21 जूनला त्या सेंट बोनिफेसला पोचल्या. दोन महिन्यांना दोन-तीन दिवस कमी. मी पंधरा-सोळा तासांच्या विमानप्रवासाने पाय सुजले म्हणून कुरकुर केली होती, ती त्या इमारतीत उभी राहून मनातल्या मनात मागे घेतली.

त्यांना बोलावलं होतं बिशप प्रोव्हांशे यांनी, आणि बोलावलं होतं मुख्यतः मुली शिकवायला. दुखणाईत माणसं ही आपसूक आली. आल्या-आल्या दोन वर्षांत, 1846 मध्ये, रेड नदीच्या वस्तीत गोवर आणि हगवणीची साथ आली, मग शाळा बाजूला आणि घरोघर फिरणं सुरू. दवाखाना नाही, खाट नाही. ज्याच्या घरी दुखणं त्याच्या घरी जायचं, चूल पेटवायची, पेज करायची, मेलेल्याला आंघोळ घालायची, जिवंताला उशी सारखी करायची. त्यांनी केलं ते बहुतेक सगळं आपल्या आज्या-पणज्या करत होत्याच. फरक इतकाच की यांनी ते परक्यांसाठी केलं.

हॉस्पिटल म्हणावं असं काही उभं राहिलं ते 1871 मध्ये. चार खाटा. चारच. प्रेअरीवरच्या अगदी पहिल्या हॉस्पिटलांपैकी हे एक. पुढच्याच वर्षी नदीपलीकडे विनिपेग जनरल हॉस्पिटल निघालं, तेही तसंच किरकोळ जागेत. आज "हॉस्पिटल" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते तेव्हा नव्हतंच. ज्याला घर आहे, घरात बाई आहे, तो घरीच आजारी पडायचा आणि घरीच बरा व्हायचा किंवा मरायचा. हॉस्पिटलात जायचं ते ज्याला कुणी नाही त्याने. आणि प्रेअरीवर अशी माणसं ढिगाने होती. 1872 च्या कायद्याने सरकार दहा डॉलरच्या फीवर 160 एकर जमीन देत होतं; युरोपातून, पूर्वेकडून एकटे तरुण येऊन मातीच्या खोपटात राहात. 1881 पासून कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचं काम जोरात आलं आणि हजारो मजूर तंबूंत, डब्यांत राहू लागले. पाणी मिळेल तिथलं प्यायचं, घाण सोयीच्या जागी टाकायची. मग व्हायचं तेच झालं. मुदतीचा ताप.

टायफॉइडला मावशी नेहमी मुदतीचा तापच म्हणायची, आणि या रोगाचं त्याहून चांगलं नाव मला माहीत नाही. तीन-चार आठवड्यांची मुदत. ती संपेपर्यंत माणूस टिकला तर टिकला. या तापावर खरं औषध आलं 1948 च्या सुमारास, क्लोरॅम्फेनिकॉल. त्याआधी डॉक्टर येऊन नाडी बघायचा, जीभ बघायचा, पोट हलक्या हाताने चाचपायचा आणि सांगायचा, "नर्सिंग नीट करा." म्हणजे काय करा? तर रोग्याला सपाट निजवून ठेवा, उठू देऊ नका, कारण आतड्याला आतून व्रण पडलेले असतात आणि तिसऱ्या आठवड्यात ते फुटू शकतात. घन अन्न द्यायचं नाही. दूध, पेज, दर दोन तासांनी चमच्याने. ताप चढला की सगळं अंग गार पाण्याने पुसून काढायचं, एक हात, मग दुसरा, मग पाठ, तोवर पहिला हात पुन्हा तापलेला. तोंडात पापुद्रे धरतात ते कापसाने साफ करायचे. पाठीला बेडसोअर होऊ नयेत म्हणून कूस बदलायची. भ्रम झालेला धिप्पाड लाकूडतोड्या मध्यरात्री उठून घरी निघतो. त्याला समजावून, दामटून परत निजवायचं. आणि त्याची शौचाची भांडी, चादरी, सगळं कार्बोलिक नाही तर चुन्याच्या पाण्यात बुडवून धुवायचं. धुताना हात नीट नाही धुतले तर पुढच्या महिन्यात त्या खाटेवर तुम्ही. टायफॉइडच्या वॉर्डात काम करून टायफॉइडनेच गेलेल्या नर्सेस त्या काळात जगभर आहेत, प्रेअरीवरही.

एका रोग्याला हे सगळं महिनाभर. आणि वॉर्डात असे दहा. हिशोब करून बघा, किती बादल्या पाणी लागेल. ते पाणी आधी आणायचं, मग तापवायचं. हिवाळ्यात नदी गोठली की बर्फ फोडून. रात्री वॉर्डातली शेगडी विझली तर सकाळपर्यंत खाटेशेजारच्या पेल्यातलं पाणी गोठायचं. छोट्या हॉस्पिटलात रात्रपाळीच्या नर्सच्या कामांत रोग्यांच्या जोडीने कोळशाची भट्टीही धरलेली असायची. तिची राख काढणं, कोळसा घालणं, ती सकाळपर्यंत धगधगती ठेवणं. संग्रहालयातल्या त्या ओकच्या भिंतीपाशी उभी असताना मला मावशीचा बंब दिसला तो इथे.

मग 1887 मध्ये विनिपेग जनरलने नर्सिंगची शाळा काढली, पश्चिम कॅनडातली पहिली. इथे जरा थांबून कबूल केलं पाहिजे की "शाळा" हा शब्द फार दयाळू आहे. पद्धत अशी: मुलगी येणार, आधी काही महिने उमेदवार म्हणून राबणार, पसंत पडली तर तिला टोपी मिळणार, मग आधी दोन आणि पुढे तीन वर्षं रोज बारा-बारा तास वॉर्डात काम करणार. त्या बदल्यात राहणं, जेवण, धोब्याचे कपडे आणि हातखर्चाला चार पैसे. व्याख्यान असलंच तर ड्युटी संपल्यावर, पेंगत. म्हणजे हॉस्पिटलचा सगळा गाडा ओढायच्या या विद्यार्थिनी. आणि शिकून तयार झाली, प्रमाणपत्र मिळालं, की तिला नोकरी? छे. हॉस्पिटल तिला निरोप द्यायचं आणि नवी उमेदवार घ्यायचं, कारण शिकलेलीला पगार द्यावा लागतो. तयार नर्स मग श्रीमंतांच्या घरी एकेका रोग्यापाशी खासगी ड्युटी करत फिरायची. गावागावांत वीस-पंचवीस खाटांची हॉस्पिटलं निघाली आणि प्रत्येकाने लगोलग "नर्सिंग स्कूल" काढलं. का काढलं ते आता सांगायला नको. जॉर्ज वेअर नावाच्या प्राध्यापकाने 1932 मध्ये देशभरच्या नर्सिंग शिक्षणाची पाहणी करून हे सगळं छापील शब्दांत मांडलं, तोवर या पद्धतीला प्रेअरीवर पंचेचाळीस वर्षं झाली होती.

नन्सना पगार नव्हता, विद्यार्थिनींना पगार नव्हता. दानशूर लोकांच्या नावाच्या पाट्या लागल्या, वॉर्डांना डॉक्टरांची नावं मिळाली. पाट्या लागू देत, माझं काही म्हणणं नाही. पण हॉस्पिटल कुणाच्या पैशावर चाललं असं कुणी विचारलं तर त्या हिशोबात हे न दिलेले पगारही मांडायला हवेत.

विनिपेगच्या शाळेच्या पहिल्या पदवीधरांत मेरी एलन बर्टल्स होती. 1890 मध्ये ती मेडिसिन हॅटला गेली. गावाचं नावच "वैद्याची टोपी". मुलूख असा की क्षितिजापर्यंत झाड नाही. मधून रेल्वेचे रूळ, आणि रुळांच्या आधाराने वसलेलं गाव. तिथे नुकतंच हॉस्पिटल सुरू झालं होतं आणि ग्रेस रेनल्ड्स ही मेट्रन होती. दोघी मिळून नर्सिंग, झाडलोट, धुणं आणि ऑपरेशनची तयारी. बर्टल्स पुढे कॅलगरीला गेली, मग ब्रँडनच्या हॉस्पिटलची मेट्रन झाली. 1935 मध्ये तिला ओ.बी.ई. किताब मिळाला. तेव्हा ती म्हातारी झाली होती. मेडिसिन हॅटमध्ये 1894 साली नर्सिंगची शाळाही निघाली. हे साल लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

संग्रहालयातून बाहेर पडलं की शेजारी कॅथीड्रलची जुनी दगडी दर्शनी भिंत आहे. मागचं सगळं 1968 च्या आगीत जळालं. तिच्यासमोरच्या दफनभूमीत लुई रिएलची कबर आहे. मेटी, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या लोकांचा पुढारी. 1885 च्या उठावानंतर सरकारने त्याला रजायनाला फाशी दिली. त्याच उठावात कॅनडाने पहिल्यांदा आपल्या लष्करासाठी नर्सेस पाठवल्या: विनिपेग जनरलची लोरेटा मिलर सस्काटूनला, टोरंटोहून मदर हॅना ग्रिअर कूम आपल्या सोबतिणींसह मूस जॉला. जखमी सैनिकांसाठी सस्काटूनमधली राहती घरं हॉस्पिटल झाली. या नर्सेसना पदकं मिळाली, इतिहासाच्या पुस्तकांत त्या "पहिल्या" म्हणून येतात. पलीकडच्या बाजूच्या, मेटी आणि मूळनिवासी क्री जखमींना कुणी पट्ट्या बांधल्या, तर त्यांच्या घरच्या बायकांनी. त्यांना पदक कोण देणार? आणि गंमत बघा, या रिएलची सख्खी बहीण सारा स्वतः ग्रे नन होती. उत्तरेला इल-आ-ला-क्रॉसच्या मिशनमध्ये काम करता करता 1883 मध्ये क्षयाने गेली. भावाची फाशी तिला बघावी लागली नाही.

इथे माझ्या मनातला नन्सबद्दलचा भाबडा आदर थोडा अडखळतो. याच संघांच्या नन्सनी मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांतही काम केलं. त्या शाळांत मुलांना आईबापांपासून तोडून आणत, त्यांची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा करत. कितीतरी मुलं तिथेच आजारी पडून मेली. त्याच करड्या झग्यातल्या बायका. एकीने रात्रभर कुणाच्या कपाळावर घड्या ठेवल्या असतील आणि दुसरीने, कदाचित तिनेच, कुणा मुलीची वेणी कापली असेल. मला या दोन गोष्टींची वजाबाकी करता येत नाही, आणि कुणी करून दिली तर मी ती घेणार नाही.

गोऱ्या वसाहतीतल्या बायकांची बाळंतपणं पहिल्या काळात कितीतरी वेळा मेटी आणि मूळनिवासी सुईणींनी केली. पण त्यांच्या लेकींना नर्सिंगच्या शाळेचं दार उघडं नव्हतं. सस्काचेवान प्रांतातून नर्सिंगचं शिक्षण पुरं करणारी पहिली मूळनिवासी बाई, जीन कथँड गुडविल, क्री समाजातली. तिने प्रिन्स अल्बर्टच्या होली फॅमिली हॉस्पिटलमधून प्रमाणपत्र घेतलं ते 1954 मध्ये. त्या चार नन्स डोंगीतून उतरल्याला तेव्हा 110 वर्षं झाली होती. पुढे मूळनिवासी नर्सेसची देशव्यापी संघटना उभी करणाऱ्यांत ती होती.

आता ते 1894. त्याच वर्षी आमच्या मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू झालं. काढणारे डॉक्टर विल्यम वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे, प्रेअरीचे नव्हेत, ऑन्टॅरिओचे. आले ते अमेरिकन मिशनतर्फे. सांगली-मिरजेकडच्या माणसाला वॉनलेसवाडी माहीत असते, पण वॉनलेस कुठले हे बहुधा माहीत नसतं. मलाही नव्हतं. त्या हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत माझी मावशी शिकली. टोपी, पट्टा, मेट्रन, रात्री दहाला दिवे बंद, पाहुणा भेटायला आला तर व्हरांड्यात, तोही नातेवाईक असला तरच: हे सगळं ती सांगायची तेव्हा मला ते मिरजेचं वाटायचं. विनिपेगच्या शाळेचे नियम वाचताना मी दोनदा मागे जाऊन बघितलं, मी कुठलं वाचतेय म्हणून. दोन्हीकडचा साचा एकच होता, लंडनहून निघालेला; फक्त एकीकडे कोळशाच्या धुराने डोळे चुरचुरायचे, दुसरीकडे शेणीच्या.

साम्राज्याच्या बायकांनी हा साचा असा हातोहात फिरवला. लेडी डफरिन आधी कॅनडाच्या गव्हर्नर जनरलची बायको; प्रेअरीवर आलेल्या पहिल्या रेल्वे इंजिनला 1877 मध्ये तिचं नाव दिलेलं. मग नवरा व्हाइसरॉय झाला आणि 1885 मध्ये तिने हिंदुस्थानातल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून डफरिन फंड काढला. तिकडे कॅनडात 1897 मध्ये, नंतरच्या एका गव्हर्नर जनरलची बायको लेडी अबर्डीन हिने व्हिक्टोरियन ऑर्डर ऑफ नर्सेस ही संस्था काढली, दूरदूरच्या वस्त्यांत नर्स पोचावी म्हणून. डॉक्टरांनी आधी बोंब मारली, आमचं उत्पन्न बुडेल म्हणून. मागोमाग आलेल्या लेडी मिंटोने या संस्थेच्या खेड्यांतल्या लहान हॉस्पिटलांसाठी फंड गोळा केला, आणि 1906 मध्ये, आता हिंदुस्थानची व्हाइसरीन म्हणून, इथेही एक नर्सिंग संघटना स्थापली. ती इथल्या गोऱ्या रोग्यांसाठी होती. आमच्या बायकांचं काय, ते पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बघितलं; त्यांनी विधवांना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये पाठवलं. घरच्यांनी तोंडं फिरवली असणार. फिरवणारच. परपुरुषाचं अंग पुसायचं काम. मावशीच्या लग्नाचंही त्यापायीच राहिलं, असं आई दबक्या आवाजात म्हणायची.

प्रेअरीवर उलटं व्हायचं. नर्स आली की लग्न व्हायचं. मुलखात पुरुष फार, बायका मोजक्या. नर्स वर्ष-दोन वर्षांत कुणा शेतकऱ्याशी लग्न करायची आणि नियमाप्रमाणे नोकरी सोडायची. सोडायची म्हणजे पगार सोडायची. काम तिला सोडत नव्हतं. वीस मैलांच्या टापूत कुणाचं बाळंतपण, कुणाचा हात मळणीयंत्रात गेला, की घोडा घेऊन माणूस दारात हजर. स्वयंपाकघराचं टेबल घासायचं, चादर टाकायची, पाणी चुलीवर चढवायचं. या बायकांची नावं कुठल्याच हॉस्पिटलच्या नोंदीत नाहीत.

1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हे उघडं पडलं. अल्बर्टा प्रांताने घराबाहेर मास्क सक्तीचा केला, शाळा हॉस्पिटलं झाल्या, पण नर्सेस कुठून आणणार? त्यातल्या कितीतरी युद्धावर गेलेल्या. तिथे, सांगायचं राहिलं, कॅनडाच्या लष्करात नर्सचा अधिकृत हुद्दाच "नर्सिंग सिस्टर" होता. माझं "सिस्टर" अगदीच चुकलं नव्हतं तर.

साथीनंतर शेतकरी बायका गप्प बसल्या नाहीत. अल्बर्टात आयरीन पार्लबीच्या पुढारपणाखाली त्यांची संघटना सरकारच्या मागे लागली होती, आम्हाला नर्स द्या. 1919 मध्ये डिस्ट्रिक्ट नर्सेस सुरू झाल्या; जिथे डॉक्टरच नाही तिथे त्यांना बाळंतपण करायची कायद्याने मुभा. 1920 मध्ये सस्काचेवानमधल्या पॅडकवूडला रेड क्रॉसने आपलं पहिलं आउटपोस्ट हॉस्पिटल उघडलं. एक छोटी इमारत आणि ती चालवणारी नर्स. डॉक्टर दूरच्या गावात, रस्ता असला तर. हे वाचताना मी परदेश वाचत नव्हते. हा मावशीचाच दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून दोनदा, बाकी पाच दिवस ती, एक शिपाई आणि एक बंब. पावसाळ्यात ओढा आला की दोनदाचाही एकदा.

सस्काचेवानने 1916 मध्ये आणखी एक शहाणपणा केला होता. आसपासच्या खेड्यांनी मिळून कर भरायचा आणि त्यातून सामायिक हॉस्पिटल चालवायचं, असा कायदा. "युनियन हॉस्पिटल". त्यातूनच पुढे, टॉमी डग्लस मुख्यमंत्री असताना, 1 जानेवारी 1947 पासून त्या प्रांतात हॉस्पिटलचा खर्च सगळ्यांसाठी सरकारी विम्यात आला, मग देशभर. लेकीला घरी सोडलं त्या दिवशी मी पर्समधले डॉलर मोजत जावयाला विचारलं होतं, "बिल कुठे भरायचं?" तो म्हणाला, "बिल नसतं आई. पार्किंगचे तेवढे भरले." मी त्या काउंटरकडे बघत राहिले. आपल्याकडे डिस्चार्जच्या दिवशी घरातला कर्ता माणूस कसा भिंतीला टेकून फोन लावत असतो, ते मी जन्मभर पाहिलेलं.

संग्रहालय बघून आले त्या रात्री मावशीला व्हिडिओ कॉल लावला. ती आता नव्वदीला टेकली आहे, सांगलीत भाच्याकडे असते. कान अधू, पण चेहरा तसाच, ड्युटीवरचा. बाळ दाखवलं. तिने आधी बेंबी बघितली, नीट सुकली का म्हणून. मग मी तिला त्या चौघींची गोष्ट सांगितली, डोंगी, मोडलेला पाय, चार खाटा, सगळं ओरडून ओरडून. ती ऐकत होती का झोपली होती कळेना.

"पाणी कुठलं वापरायच्या?" एकदम विचारलं.

"नदीचं."

"आणि नदी गोठल्यावर?"

"बर्फ फोडून."

"बर्फ वितळवायला तर दुप्पट जळण लागतं," ती म्हणाली. थोडा वेळ तिचे ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावी. "ते ओक का काय म्हणालीस, ते लाकूड ओलं असताना पेट घेतं का?"

मला माहीत नव्हतं.

"विचार कुणाला तरी," मावशी म्हणाली.